खल्वाटत्वाची मीमांसा : दैवापासून जनुक-नियमनापर्यंत

१

भर्तृहरीच्या नीतिशतकात एका खल्वाट पुरुषाचा दृष्टांत आला आहे. उन्हाने मस्तक तापल्यामुळे तो सावलीसाठी वृक्षाखाली जातो आणि नेमके तेथेच वरून पडलेल्या फळाने त्याचे डोके फुटते. अभागी मनुष्य कोठेही गेला तरी आपत्ती त्याची पाठ सोडीत नाही, असा या श्लोकाचा आशय आहे. शतकत्रयीच्या वामन पंडितकृत मराठी रूपांतरामुळे हा दृष्टांत मराठी वाचकांच्याही चांगल्या परिचयाचा झाला. दैवाचे प्राबल्य दाखविण्यासाठी सुभाषितकाराने टक्कल पडलेल्या मनुष्याचीच निवड करावी, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. केस जाणे हे मनुष्याच्या कर्तृत्वाने घडत नाही आणि त्याच्या प्रयत्नाने थांबतही नाही, ही धारणा फार जुनी आहे.

विसाव्या शतकात या धारणेतील ‘दैव’ हा शब्द मागे पडला आणि त्याच्या जागी ‘अनुवंश’ हा शब्द आला. वडिलांना किंवा आजोबांना टक्कल होते, तेव्हा मुलाला ते पडणारच, असे सुशिक्षित लोक निःशंकपणे म्हणू लागले. शब्द बदलला, परंतु वाक्याची घडण तीच राहिली. जे पूर्वी कपाळी लिहिलेले होते ते आता गुणसूत्रांत लिहिलेले आहे, एवढाच काय तो फरक झाला. या नव्या दैववादाचा एक व्यावहारिक परिणामही झाला. ज्याचे केस जाऊ लागले तो एकतर निरुपाय मानून स्वस्थ बसतो किंवा ‘मुळावरच घाव घालणाऱ्या’ औषधाच्या जाहिरातीवर विसंबून फसतो.

खल्वाटत्वासंबंधीच्या संशोधनाचा इतिहास पाहिला असता मात्र निराळे चित्र दिसते. अंगात कोणते जनुक आहे, या प्रश्नापाशी हे संशोधन थांबले नाही. ते जनुक शरीराच्या कोणत्या भागात, कोणत्या वयात, कोणाच्या आज्ञेने आणि किती प्रमाणात कार्य करते, या प्रश्नाकडे ते क्रमाक्रमाने वळले. या दुसऱ्या प्रश्नालाच जनुक-नियमनाचा प्रश्न म्हणतात. उपलब्ध उपचारांचे यश आणि मर्यादा याच प्रश्नाच्या प्रकाशात उलगडतात, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

केशनाशावरील उपायांचा लेखी पुरावा अतिप्राचीन आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या एबर्स पपायरस या इजिप्शियन वैद्यकीय लेखात सिंह, पाणघोडा, मगर, सर्प इत्यादी प्राण्यांच्या चरबीचा लेप टकलावर सांगितला आहे. या उपायामागे कारणमीमांसा दिसत नाही. कारणाकडे लक्ष वेधणारे पहिले महत्त्वाचे निरीक्षण ग्रीक वैद्यकात आढळते. वृषणहीन पुरुषांना टक्कल पडत नाही, अशा आशयाचे एक सूत्र हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रसंग्रहात आहे. अॅरिस्टॉटलनेही स्त्रिया आणि वृषणहीन पुरुष यांना टक्कल पडत नाही, अशी नोंद केली. त्याने दिलेले कारण आज ग्राह्य नाही. तथापि पुरुषत्व आणि केशनाश यांचा संबंध त्याच्या ध्यानी आला होता, यात शंका नाही.

भारतीय वैद्यकाचे वैशिष्ट्य निराळे आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या प्रकरणी इंद्रलुप्ताचे वर्णन आले आहे. रोमकूपात शिरलेले पित्त वाताशी मिळून केस पाडते आणि नंतर रक्तासह कफ त्या रोमकूपांचा रोध करतो, म्हणून तेथे दुसरे केस उगवत नाहीत, असे ते वर्णन आहे. यातील दोषकल्पना बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. केस गळणे आणि पुन्हा न उगवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि खरा रोग दुसऱ्या क्रियेत आहे, हे येथे स्पष्टपणे ओळखले गेले आहे. निरोगी मनुष्याचेही केस रोज गळतात, पण त्याला टक्कल पडत नाही, कारण त्या जागी नवे केस येतात.

सुश्रुताने इंद्रलुप्त, खालित्य आणि रुज्या ही एकाच विकाराची नावे म्हणून दिली. अष्टांगहृदयात वाग्भटाने मात्र भेद केला. इंद्रलुप्तासच काही जण ‘चाचा’ म्हणतात असे नोंदवून, खलतीमध्ये केस क्रमाक्रमाने जातात, असे त्याने सांगितले. मराठीत एखाद्या जागी अचानक वाटोळा चकंदळा पडतो त्यास ‘चाई’ म्हणतात आणि कपाळापासून मागे हळूहळू सरकत जाणाऱ्या केशनाशास ‘टक्कल’ म्हणतात. ‘चाचा’ आणि ‘चाई’ यांत ध्वनिसाम्य दिसते, परंतु केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. येथे महत्त्व आहे ते अर्थभेदाचे. पाश्चात्त्य वैद्यकाने कोल्ह्याच्या खरजेवरून आलेला ‘अलोपेशिया’ हा एकच ग्रीक शब्द दोन्ही विकारांना लावला आणि पुढे विशेषणे जोडून भेद दाखविला. बोलीतील मराठीत तो भेद स्वतंत्र शब्दांनीच झाला होता. या भेदास आधुनिक जीवशास्त्राने कसा दुजोरा दिला, ते पुढे येईलच.

३

खल्वाटत्वाचा अनुवंशाशी असलेला संबंध मेंडेलच्या नियमांच्या चौकटीत बसविण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न डोरोथी ऑसबॉर्न या संशोधिकेने १९१६ साली केला. हा गुण एकाच जनुकाने येतो आणि ते जनुक पुरुषांत प्रभावी व स्त्रियांत अप्रभावी असते, असे तिने प्रतिपादिले. उपपत्ती सुटसुटीत होती आणि म्हणूनच पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ टिकली. परंतु तिने एक प्रश्न अनुत्तरितच ठेवला. तेच जनुक पुरुषाच्या शरीरात प्रभावी आणि स्त्रीच्या शरीरात अप्रभावी का व्हावे? जनुक तेच असता त्याचे कार्य भिन्न होत असेल तर भेदाचे कारण जनुकाच्या बाहेर शोधले पाहिजे.

ते कारण जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९४२ साली दाखविले. वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण निकामी झाले होते किंवा काढले गेले होते अशा पुरुषांचा त्याने अभ्यास केला. त्यांना टक्कल पडलेले नव्हते. अशांपैकी काहींना टेस्टोस्टेरोन हे पुरुषसंप्रेरक दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले. ज्यांच्या घराण्यात ते नव्हते त्यांचे केस कायम राहिले. संप्रेरक देणे थांबविले तेव्हा केशनाशाची प्रगती थांबली, परंतु गेलेले केस परत आले नाहीत.

या प्रयोगाचे तर्कशास्त्र पाहण्यासारखे आहे. केवळ अनुवंश पुरेसा नाही, कारण संप्रेरक नसताना टक्कल पडत नाही. केवळ संप्रेरकही पुरेसे नाही, कारण अनुकूल अनुवंश नसताना संप्रेरक देऊनही टक्कल पडत नाही. अनुवंश, संप्रेरक आणि वय हे तिन्ही एकत्र आले तरच कार्य घडते. हिप्पोक्रेटिसच्या सूत्राला अशा रीतीने सुमारे चोवीसशे वर्षांनी प्रायोगिक आधार मिळाला. हॅमिल्टनने १९५१ साली खल्वाटत्वाच्या अवस्थांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. १९७५ साली नॉरवुडने त्यात सुधारणा केली आणि दोघांच्या नावाने ओळखले जाणारे ते वर्गीकरण वैद्यकात रूढ झाले.

४

हॅमिल्टनच्या सिद्धांतापुढे एक मोठी अडचण होती. संप्रेरक रक्तातून सर्व शरीरभर फिरते. असे असता ते डोक्याच्या पुढच्या व माथ्यावरच्या भागातील केस नाहीसे करते, मागील व कानांच्या बाजूंचे केस शाबूत ठेवते आणि त्याच काळात हनुवटीवर मात्र दाढी उगवते, याचा अर्थ काय? पापण्यांच्या केसांवर तर त्याचा काहीच परिणाम होत नाही. एकाच आज्ञेचे चार ठिकाणी चार अर्थ व्हावेत, असा हा प्रकार आहे.

या कोड्याचे उत्तर प्रयोगशाळेपूर्वी शस्त्रक्रियेच्या टेबलावर मिळाले. जपानमध्ये ओकुदा यांनी १९३९ साली केसांसह त्वचेचे बारीक तुकडे दुसऱ्या जागी लावण्याची पद्धत वर्णिली होती, परंतु ती जपानबाहेर बराच काळ अज्ञात राहिली. न्यूयॉर्क येथील त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइक याने पुढे स्वतंत्रपणे असेच रोपण केले आणि १९५९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोक्याच्या मागील भागातील केसांसह काढलेली त्वचा टकलावर लावली तर ते केस तेथे वाढतच राहतात. टकलाच्या जागेचा गुण त्यांना लागत नाही. उलट टकलाची त्वचा मागील भागात लावली तरी तेथे केस येत नाहीत. नव्या जागेपेक्षा मूळ जागेचा गुण बलवत्तर ठरतो, या तत्त्वाला त्याने ‘दात्या भागाचे वर्चस्व’ अशा अर्थाचे नाव दिले. केशरोपणाचा पुढील सारा व्यवसाय या एका निरीक्षणावर उभा आहे.

या निरीक्षणाचा सैद्धांतिक अर्थ त्याहून मोठा आहे. मागील भागातील पेशी आणि माथ्यावरील पेशी एकाच मनुष्याच्या आहेत. दोहोंत जनुकांचा संच तोच आहे. तरीही प्रत्येक पेशीला आपण कोठल्या, याचे जणू स्मरण असते आणि जागा बदलली तरी ते पुसले जात नाही. जनुकसंच समान असता वर्तन भिन्न असेल, तर भेद जनुकांच्या वापरात असला पाहिजे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील झाकोब आणि मोनो यांनी जिवाणूंमध्ये काही जनुके दुसऱ्या जनुकांचे कार्य चालू किंवा बंद करतात, हे १९६१ साली दाखविले व १९६५ साली ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जनुक-नियमनाची कल्पना तेव्हापासून जीवशास्त्रात दृढमूल झाली. ओरेन्ट्राइकच्या निरीक्षणाला लागणारी परिभाषा अशा रीतीने दोनच वर्षांत तयार झाली. तिचा केसांशी संबंध जोडला जाण्यास मात्र पुढील काही दशके जावी लागली.

५

केसाचे मूळ ज्या खळग्यात असते त्या केशकूपाचे जीवन चक्राकार असते. माणसाच्या डोक्यावरील केस साधारणतः दोन ते सहा वर्षे वाढतो, नंतर दोनतीन आठवड्यांत त्याचे मूळ आक्रसते, सुमारे तीन महिने तो विश्रांतीच्या अवस्थेत राहतो आणि मग गळून त्या जागी नवा केस येतो. टक्कल पडताना केशकूप एकाएकी नष्ट होत नाही. दर चक्रागणिक वाढीचा काळ घटत जातो, केशकूप लहान होत जातो आणि जाड, रंगीत केसाच्या जागी लवेसारखा बारीक केस येऊ लागतो. सुश्रुताने केलेला ‘गळणे’ आणि ‘न उगवणे’ हा भेद येथे उपयोगी पडतो, कारण दोष पुनरुद्गमात आहे.

केशकूपाच्या तळाशी त्वचेच्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, त्यास त्वक्‌पिंडिका म्हणता येईल. पुरुषसंप्रेरकाची आज्ञा प्रथम या पुंजक्याला पोचते. टेस्टोस्टेरोन पेशीत शिरल्यावर ५-अल्फा-रिडक्टेज नावाचे विकर त्याचे डायहायड्रोटेस्टोस्टेरोन या अधिक प्रभावी संप्रेरकात रूपांतर करते. ते पेशीतील ग्राही प्रथिनाला घट्ट चिकटते. ही जोडी केंद्रकात जाते, डीएनएवरील ठराविक जागी बसते आणि तेथील जनुकांचे प्रतिलेखन वाढविते किंवा घटविते. म्हणजे संप्रेरक-ग्राही हा स्वतःच जनुकांचा नियामक आहे. १९८८ साली या ग्राहीच्या जनुकाची रचना उलगडली आणि ते एक्स गुणसूत्रावर असल्याचे निश्चित झाले.

दाढी व माथा यांतील विरोधाचा उलगडाही याच पातळीवर झाला. दाढीतील त्वक्‌पिंडिकेच्या पेशी पुरुषसंप्रेरक मिळताच वाढीस चालना देणारी द्रव्ये सोडतात. टकलाच्या भागातील पेशी मात्र तेच संप्रेरक मिळाल्यावर वाढ रोखणारी द्रव्ये सोडतात. डीकेके-१ हे असेच एक प्रथिन असल्याचे कोरियातील संशोधकांनी २००८ साली दाखविले. डीकेके-१ हे प्रथिन ‘विंट’ नावाच्या संदेशमार्गाला अडविते आणि हा मार्ग चालू असल्याखेरीज केशकूपाची वाढ होत नाही. आज्ञा एकच, पण ती ऐकून कोणती जनुके जागी व्हावीत हे प्रत्येक जागी आधीच ठरलेले असते. तळहातावर केस नसण्याचे कारणही याच कुळातले आहे. तेथील त्वचा डीकेके-२ हे रोधक प्रथिन निर्माण करीत असते, असे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली उंदरांच्या साहाय्याने दाखविले. ओरेन्ट्राइकने ज्याला जागेचे वर्चस्व म्हटले त्याचा हा रासायनिक आधार होय.

६

नियमनाच्या या साखळीतील एक दुवा कॅरिबियन समुद्रातील एका खेड्यामुळे उघडकीस आला. डोमिनिकन प्रजासत्ताकातील सालिनास या गावी काही मुले जन्मतः मुली समजून वाढविली जात आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषाची लक्षणे प्रकट होत. गावकऱ्यांनी अशा मुलांना बाराव्या वर्षी पुरुषत्व येणारे, या अर्थाचे नावच ठेवले होते. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ साली या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या पुरुषांत ५-अल्फा-रिडक्टेज या विकराची आनुवंशिक उणीव होती. गर्भावस्थेत डायहायड्रोटेस्टोस्टेरोन पुरेसे न मिळाल्यामुळे बाह्य जननेंद्रियांची वाढ अपुरी राहिली होती. प्रौढ वयात त्यांची पुरःस्थ ग्रंथी लहान होती, दाढी विरळ होती आणि कपाळावरील केसांची रेषा मागे सरकलेली नव्हती.

मर्क या औषधनिर्मात्या कंपनीतील संशोधकांनी या निबंधातून नेमका बोध घेतला. हे विकर औषधाने दडपता आले तर वृद्धांची वाढणारी पुरःस्थ ग्रंथी आटोक्यात आणता येईल, असा त्यांचा तर्क होता. त्यातून निर्माण झालेल्या फिनॅस्टेराइड या औषधाला अमेरिकेत १९९२ साली पुरःस्थ ग्रंथीच्या विकारासाठी ५ मिलिग्रॅमच्या मात्रेत आणि १९९७ साली पुरुषांच्या टकलासाठी १ मिलिग्रॅमच्या मात्रेत मान्यता मिळाली. या औषधाने रक्तातील डायहायड्रोटेस्टोस्टेरोन सुमारे ७० टक्क्यांनी घटते. विकराच्या दोन्ही प्रकारांवर चालणारे ड्युटॅस्टेराइड हे औषध दक्षिण कोरियात २००९ साली टकलासाठी मान्य झाले.

ज्या दुव्यावर उपचार आधारला आहे त्याच दुव्यातून त्याचे धोकेही निघतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. गर्भातील पुत्राच्या वाढीस हे संप्रेरक आवश्यक असल्यामुळे गरोदर स्त्रीस हे औषध निषिद्ध आहे. काही पुरुषांत कामेच्छा मंदावणे यांसारखे परिणाम होतात. फिनॅस्टेराइडच्या गोळ्यांमुळे आत्महत्येचे विचार येणे हा एक दुष्परिणाम असल्याचे युरोपीय औषध नियामक संस्थेच्या सुरक्षा समितीने २०२५ साली मान्य केले. औषध बंद केल्यावर साधारणतः वर्षभरात त्याचा लाभ ओसरतो, कारण जनुक किंवा त्याचे नियमन बदललेले नसून आज्ञेचा आवाज तेवढा मंद केलेला असतो. हॅमिल्टनच्या प्रयोगात संप्रेरक थांबताच केशनाश थांबला होता. येथे रोध थांबताच तो पुन्हा सुरू होतो. दोन्ही घटनांचे तत्त्व एकच आहे.

७

दरम्यान अनुवंशाचे संशोधनही पुढे गेले होते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००१ साली संप्रेरक-ग्राहीच्या जनुकातील एका भेदाचा टकलाशी संबंध दाखविला. हा भेद टक्कल असलेल्या जवळजवळ सर्व तरुणांत आढळला. परंतु टक्कल नसलेल्या पुरुषांतही तो सुमारे तीन-चतुर्थांशांत आढळला. म्हणजे तो बहुधा आवश्यक होता, पुरेसा नव्हता. पुरुषाला एक्स गुणसूत्र आईकडून मिळते, त्यामुळे टक्कल आईच्या वडिलांकडून येते, या लोकसमजुतीस या शोधाने काही अंशी आधार मिळाला. परंतु तो अंशतःच होता. २००८ साली विसाव्या गुणसूत्रावरील एक जागा टकलाशी संबंधित आढळली आणि ती वडिलांकडूनही येऊ शकते. ही जागा कोणत्याही प्रथिनाचा संकेत असलेल्या भागात नसून जनुकांच्या मधल्या प्रदेशात आहे. ज्या प्रदेशाला एकेकाळी निरर्थक समजले जाई, तेथे नियमनाची केंद्रे असतात, हे आता सर्वमान्य झाले आहे.

ब्रिटनमधील ५२,००० हून अधिक पुरुषांच्या माहितीवर आधारलेला एडिंबरो येथील संशोधकांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात टकलाशी संबंधित २८७ आनुवंशिक खुणा आढळल्या व त्यांपैकी ४० एक्स गुणसूत्रावर होत्या. ऑसबॉर्नचे एक जनुक शंभर वर्षांत अशा रीतीने शेकडो खुणांत विखुरले गेले. या सर्व खुणांची बेरीज करून ज्या दहा टक्के पुरुषांचा धोका सर्वाधिक ठरला, त्यांच्यापैकी ५८ टक्क्यांना मध्यम ते तीव्र टक्कल होते. उरलेल्या ४२ टक्क्यांना तितके टक्कल नव्हते. केवळ जनुके वाचून एका व्यक्तीचे भविष्य वर्तविणाऱ्या चाचणीची मर्यादा या एका आकड्याने स्पष्ट होते.

एकाच जनुकाच्या दोषाने केस जाण्याची उदाहरणेही आहेत, आणि ती नियमनाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहेत. उंदरांतील ‘केशहीन’ जनुकाचे वर्णन १९२६ सालीच झाले होते. पाकिस्तानातील एका कुटुंबात आढळलेल्या संपूर्ण केशनाशाचे कारण मानवातील याच जनुकाचा दोष असल्याचे अँजेला क्रिस्तियानो यांच्या गटाने १९९८ साली दाखविले. या जनुकापासून बनणारे प्रथिन इतर जनुकांचे प्रतिलेखन दडपण्यास साहाय्य करते. त्याच्या अभावी केशकूपाचे चक्र पुन्हा सुरू होत नाही. पुढे २००९ साली त्याच जनुकाच्या अलीकडे असलेल्या एका छोट्या नियामक खंडात दोष आढळला. या दोषात प्रथिन बिघडत नाही, ते प्रमाणापेक्षा अधिक निर्माण होते, आणि त्यामुळेही केस जातात. प्रथिन नसले तरी केस जातात आणि अधिक झाले तरी जातात. जनुकाच्या मजकुराइतकेच त्याच्या प्रमाणाला महत्त्व आहे, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे.

८

उपचारांचा इतिहास नेहमीच सिद्धांताच्या मागून चालला, असे नाही. मिनॉक्सिडिल हे औषध रक्तदाबासाठी पोटात देण्यास अमेरिकेत १९७९ साली मान्य झाले. ते घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले आणि टकलावर केस आलेल्या एका रुग्णाची नोंद १९८० साली प्रसिद्ध झाली. १९८८ साली ते डोक्याला लावण्याचे द्रावण म्हणून मान्य झाले. त्वचेतील एका विकराने त्याचे सल्फेट झाल्यावरच ते कार्य करते, हे नंतर कळले. ज्यांच्या केशकूपांत त्या विकराची क्रिया अल्प असते त्यांना त्याचा गुण कमी येतो.

याच्या उलट उदाहरण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात घडले. लुइस गार्झा, जॉर्ज कॉट्सारेलिस आणि त्यांचे सहकारी यांनी टकलाच्या त्वचेत केशकूपाच्या मूलपेशी शाबूत असतात, त्यांच्यापासून पुढे होणाऱ्या पेशी मात्र उणावतात, असे २०११ साली दाखविले. २०१२ साली त्याच त्वचेत प्रोस्टाग्लँडिन डी-२ हे वाढरोधक द्रव्य अधिक असल्याचेही त्यांना आढळले. त्याचा ग्राही अडविणाऱ्या सेटिपिप्रँट या औषधाची पुढे माणसांवर चाचणी झाली. ते निष्प्रभ ठरले. नियमनाच्या जाळ्यातील एखाद्या घटकाचे प्रमाण वाढलेले दिसले, एवढ्यावरून तोच कारण ठरत नाही. ही चाचणी म्हणूनच ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

चाईच्या बाबतीत मात्र निदान आणि उपचार यांची सांगड चांगली जमली. टक्कल आणि चाई हे दोन भिन्न विकार होत, हे वाग्भटाच्या आणि बोलीच्या भेदातून सूचित होतेच. २०१० साली क्रिस्तियानो यांच्या गटाने चाईच्या रुग्णांचा आनुवंशिक अभ्यास केला, तेव्हा संप्रेरकाशी नव्हे, तर रोगप्रतिकाराशी संबंधित जनुके पुढे आली. या विकारात प्रतिकारपेशी केशकूपावरच हल्ला करतात. त्यांचे संदेश ‘जाक’ नावाच्या विकरांमार्फत केंद्रकात पोचतात आणि तेथे ‘स्टॅट’ प्रथिने दाहकारक जनुके चालू करतात. ही विकरे रोखली असता केस परत येतात, असे २०१४ साली उंदरांत व काही रुग्णांत दिसले. २०२२ साली बॅरिसिटिनिब हे या वर्गातील पहिले औषध चाईच्या तीव्र प्रकारासाठी अमेरिकेत मान्य झाले. टकलासाठी मात्र त्याची योजना नाही, कारण तेथे बिघडलेली साखळीच निराळी आहे.

९

केशनाशाचे प्रत्येक उदाहरण जनुकांकडे नेऊन भिडवावे, असा याचा अर्थ नाही. डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील अनेक गावांत स्त्री-पुरुषांचे आणि मुलांचेही केस काही दिवसांत गळून पडले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियम हे त्याचे कारण असल्याचे प्रतिपादिले. एकाच वेळी निरनिराळ्या घराण्यांतील, सर्व वयांच्या माणसांना गाठणारा विकार अनुवंशाने समजावता येत नाही, हे उघड आहे. तेथे शोध घ्यावयाचा तो अन्नाचा आणि पाण्याचा.

या इतिहासातून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे सांगता येतील. पहिला असा की, सामान्य टकलात अनुवंश प्रवृत्ती देतो, संप्रेरक तिला जागे करते आणि त्वचेची जागा तिचा अर्थ ठरविते. दुसरा असा की, आजचा कोणताही रूढ उपचार जनुकाचा मजकूर बदलत नाही. फिनॅस्टेराइड आज्ञा मंद करते, केशरोपण निराळ्या शिस्तीतील पेशी नव्या जागी आणते आणि चाईवरील औषधे संदेशाची वाट अडवितात. म्हणून औषधी उपचार बहुधा दीर्घकाळ चालू ठेवावे लागतात, ही गोष्ट रुग्णाला आरंभीच सांगितली पाहिजे.

तिसरा निष्कर्ष भाषेच्या वापराशी निगडित आहे. ‘टक्कल जनुकात असते’ हे वाक्य मराठीत सहज रूढ झाले आहे आणि ऐकणाऱ्यास ते ‘टक्कल अटळ आहे’ असे ऐकू येते. जनुक असणे आणि जनुक कार्यरत असणे या दोन गोष्टींचा भेद शास्त्रीय लेखनात कटाक्षाने पाळला गेला पाहिजे. सालिनासच्या पुरुषांच्या अंगी टकलाची प्रवृत्ती देणारी इतर जनुके असू शकत होती. त्यांना जागे करणारी आज्ञा मात्र त्यांच्यात क्षीण होती. आनुवंशिक म्हणजे असाध्य नव्हे, आणि साध्य म्हणजे कायमचे बरे होणारे नव्हे. या दोन विधानांतील अंतर समजणारा रुग्ण निराशेपासून आणि जाहिरातींपासून सारखाच सुरक्षित राहील.